जुनी फोर-व्हील गाडी घेताना : घरासाठी आणि ट्रेलर ओढण्यासाठी



उसाची बिले हाती आली किंवा काजूचा हंगाम आटोपला, की पुष्कळ घरांतून गाडीचा विषय निघतो. नवी गाडी परवडत नाही. म्हणून जुनी बघू, असे ठरते. शेतवाट चिखलाची, घरात माणसे सहा-सात, त्यात खताच्या पिशव्या आणि भाजीच्या करंड्या न्यावयाच्या; तेव्हा चारही चाकांना जोर मिळणारी, मागे सामानाला जागा असलेली आणि लहानसा ट्रेलर ओढणारी गाडी मिळाली तर एका खर्चात तिन्ही कामे होतील, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब चुकीचा नाही. मात्र अशी गाडी पारखणे हे साध्या मोटारीपेक्षा अवघड काम आहे. तिच्यात बिघडण्यासारखे भाग जास्त असतात आणि ते बहुतेक गाडीच्या पोटाखाली, नजरेआड असतात.

बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असा दाखला प्रभूने दिला आहे (लूक, अध्याय १४). गाडीच्या बाबतीतही प्रथम बसावे, मग उठून बघावयास जावे. म्हणून या पानावर आम्ही ही पारख पायरीपायरीने मांडीत आहोत.

गरज आहे का, हे आधी ठरवा

खानापूरकडची लाल माती आणि बेळगावच्या पूर्वेकडची काळी माती यांत पावसाळ्यात मोठा फरक पडतो. लाल, मुरमाड वाटेवर मागच्या चाकांवर चालणारी गाडी चांगल्या टायरांवर बहुधा निभावून नेते. काळ्या मातीत मात्र चाक एकदा रुतले की ते जागच्या जागी फिरत राहते. तेथे पुढच्या चाकांचाही जोर मिळाला तर गाडी बाहेर निघते.

आपली वाट वर्षातून किती दिवस बंद असते, हे मोजा. दहा-पंधरा दिवसच अडचण येत असेल, तर तेवढ्यापुरता शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने घेणे पुष्कळ स्वस्त पडते. फोर-व्हील गाडीला दुसरे डिफरन्शियल, दुसरा प्रॉपेलर शाफ्ट आणि ट्रान्सफर केस असते. हे सारे वजन ती वर्षभर वाहते, त्याचे डिझेल आपण भरतो आणि त्याचे तेल व दुरुस्तीही आपल्याच माथी असते. दाराशी हत्ती बांधणे सोपे, त्याला चारा घालणे कठीण.

गरज खरी असेल तर कोणती गाडी, हा प्रश्न येतो. आपल्या भागात जुन्या बाजारात महिंद्राच्या जीप जातीच्या गाड्या, बोलेरो, स्कॉर्पिओ, टाटाची सुमो व सफारी आणि मारुतीची जिप्सी या प्रामुख्याने दिसतात. यांतील जिप्सी चारही चाकांची आहे. बोलेरो आणि स्कॉर्पिओ मात्र बहुसंख्य मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या आहेत. फोर-व्हीलच्या थोड्याच निघाल्या. सफारीही दोन्ही प्रकारांत येत असे. त्यामुळे 'बोलेरो आहे म्हणजे फोर-व्हील असणारच' हा समज सोडून द्यावा. मागच्या दरवाजावर 'फोर बाय फोर' अशी चिकटपट्टी कोणीही लावू शकतो. पुरावा गाडीच्या खाली असतो.

फोर-व्हील म्हणजे नेमके काय

इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केस नावाच्या पेटीत येतो. या पेटीतून एक शाफ्ट मागे आणि एक पुढे जातो. आपल्याकडील या गाड्यांत पुढचा शाफ्ट एरवी सुटा असतो; गरजेच्या वेळी लहान दांड्याने किंवा डॅशबोर्डावरील कळीने तो जोडावयाचा. जोडला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरू लागतात.

येथेच एक गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. गाडी वळते तेव्हा पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात किंवा वाळूत चाक थोडे घसरते आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाक घसरू शकत नाही. मग तो ताण शाफ्टमध्ये आणि दात्यांमध्ये साठतो, स्टेअरिंग जड होते, दांडा अडकतो आणि शेवटी काहीतरी तुटते. म्हणून कोरड्या डांबरावर फोर-व्हील जोडून गाडी चालवू नये. जुन्या मालकाने हे पथ्य पाळले नसेल, तर त्याची शिक्षा नव्या मालकाला भोगावी लागते.

याच कारणासाठी चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले असावे लागतात. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर असतील तर त्यांचा घेर वेगळा पडतो आणि सरळ रस्त्यावरही तोच ताण निर्माण होतो. टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख कोरलेली असते. '२३१९' असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला असे समजावे. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीच्या लहान आडव्या पट्ट्या असतात. रबर झिजून त्या पट्ट्यांच्या बरोबरीला आले असेल तर टायर संपला, असे धरून त्याची किंमत व्यवहारातून वजा करावी.

गाडी बघावयास कसे जावे

सकाळी जावे, उजेडात जावे आणि पावसात जाऊ नये. ओल्या गाडीचा रंग एकसारखा दिसतो आणि गळणारे तेल पाण्यात मिसळून जाते. ओळखीचा मिस्त्री बरोबर घ्यावा आणि त्याची मजुरी आपणच द्यावी. विकणाऱ्याच्या मिस्त्रीवर भिस्त ठेवू नये. गाडी गरम करून ठेवू नका, असे आदल्या दिवशी सांगून ठेवावे. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले तर कारण विचारावे.

इंजिन बंद असताना ऑइल भरावयाचे झाकण उघडून आतली बाजू बघा. तेथे दुधाळ, साईसारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी जात असल्याची शंका घ्यावी. थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडून पाणी बघा. त्यावर तेलाचा तवंग नसावा. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उकळत्या पाण्याचा फवारा तोंडावर येऊन भाजते.

आता इंजिन सुरू करा. थंड डिझेल इंजिनाने सुरुवातीला थोडा पांढरा धूर सोडला तर हरकत नाही. तो दोन-चार मिनिटांत थांबावा. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट गेल्याची शक्यता असते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. दाट काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. कारण साधा एअर फिल्टर असू शकेल किंवा महागडा पंपही असेल. इंजिन संथ चालू असताना ऑइलचे झाकण हलकेच उचला. धापा टाकल्यासारखी जोरदार वाफ बाहेर पडू लागली तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत असे समजा.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. आकडा फिरवता येतो. क्लच-ब्रेकच्या पायपट्टीचे झिजलेले रबर, चकचकीत झालेले स्टेअरिंग आणि बसून गेलेली चालकाची गादी फिरवता येत नाही.

पोटाखालची तपासणी

पोते अंथरून गाडीखाली आडवे व्हा, किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणीही शिरू नये. लोखंडी घोडे लावूनच शिरावे.

प्रथम पुढचे डिफरन्शियल आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट जागेवर आहे का ते बघा. फोर-व्हीलमध्ये आवाज येऊ लागला की दुरुस्ती टाळण्यासाठी काही मालक पुढचा शाफ्टच काढून ठेवतात. गाडी मागच्या चाकांवर चालत राहते आणि गिऱ्हाईक फोर-व्हीलचे पैसे मोजते. शाफ्ट हातात धरून उलटसुलट फिरवून पाहा. जॉइंट क्रॉसमध्ये खटखट करणारी ढिलाई नसावी. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलभोवती तेलाचा ओघळ आहे का ते बघा. किंचित ओलसरपणा चालेल, थेंब पडत असतील तर नाही.

दुसरी गोष्ट चेसी. ही गाडीची बरगडी होय. गोव्याकडून येणाऱ्या गाड्या इकडे पुष्कळ विकल्या जातात. समुद्राच्या खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने त्यांचे लोखंड खाल्ले जाते. वरून नवा काळा रंग मारलेला असला तर अधिकच सावध व्हावे. लहान हातोडीने चेसीवर ठोकत जा. चांगले लोखंड खणखणीत वाजते, सडलेले बद्द वाजते. मागच्या पाट्यांचे बूड जेथे चेसीला जोडलेले असते त्या जागा विशेष तपासा.

तिसरी गोष्ट पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव, कोल्हापूर आणि सांगली या भागांत, तसेच जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर, चिपळूण, महाड या भागांत मोठे पूर आले. अशा पुरांत बुडालेल्या गाड्या पुसूनपासून पुन्हा बाजारात येतात. चटईखालचा जाड कापूस उचलून वास घ्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. त्याच्या आतल्या टोकावर चिखलाची रेघ राहून जाते. डॅशबोर्डामागच्या वायरींच्या जोडांवर हिरवट गंज असेल तर ती गाडी सोडून द्यावी.

चौथी गोष्ट, आधी ओझे ओढल्याच्या खुणा. मागे हूक लावलेला असेल तर तो चेसीला बोल्टने नीट बसवलेला आहे की नुसता बंपरला वेल्डिंग करून डकवला आहे, ते पाहा. मागच्या आडव्या दांडीला तडा, सपाट झालेले पाटे आणि मागच्या डिफरन्शियलचा घूं-घूं आवाज ही सारी अतिओझ्याची लक्षणे आहेत.

चालवून बघणे

निदान अर्धा तास गाडी चालवा. त्यात चढ, उतार, खड्डे आणि मोकळा रस्ता असे सर्व असावे. वरच्या गिअरमध्ये चढ चढताना ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. उतारावर पाय सोडल्यावर गिअर आपोआप निसटत असेल तर गिअरबॉक्स झिजला आहे.

ब्रेकची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. इंजिन चालू ठेवून ब्रेकचे पायडल दाबून एक मिनिट धरा. ते हळूहळू खाली जाऊ लागले तर आत कोठेतरी गळती आहे. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने जाताना ब्रेक दाबा. गाडी सरळ थांबली पाहिजे, डावी-उजवीकडे ओढली जाता कामा नये. चढावर हँडब्रेक ओढून गाडी उभी राहते का तेही बघा.

शेवटी फोर-व्हील. ओल्या मातीच्या किंवा वाळूच्या सपाट जागेवर गाडी न्या. गाडी थांबवून दांडा वरच्या फोर-व्हीलमध्ये टाका. पुढच्या चाकांच्या मधोमध हाताने फिरवावयाची कुलुपे असतील तर आधी ती लावा. कळीवर चालणारी गाडी असेल तर डॅशबोर्डावरचा दिवा स्थिर लागला पाहिजे; लुकलुकत राहिला तर काम अपुरे आहे. एका माणसाने बाजूला, सुरक्षित अंतरावर उभे राहून पुढची चाके माती ओढतात का हे बघावे. शंभर-दीडशे फूट सरळ जा, थांबा, मग खालचा, अधिक जोराचा फोर-व्हील गिअर टाकून तसेच करा. नंतर दोन चाकांवर परत या. दांडा सहज परत यावा. 'फोर-व्हीलची कधी गरजच पडली नाही, मामा, म्हणून दांडा जरा जाम आहे' असे विकणारा म्हणाला, तर ती गाडी दोन चाकांची समजून तिचा भाव करावा.

ट्रेलर ओढण्याचा हिशेब

येथे होणारी चूक जिवावर बेतते. म्हणून पुढील भाग घरातल्या तरुण मुलांनाही वाचून दाखवावा.

गाडी ट्रेलर ओढू शकते का, हा खरा प्रश्न नव्हे. बहुतेक दणकट गाड्या ओढू शकतात. ट्रेलरसकट ती थांबू शकते का, हा खरा प्रश्न आहे. वेग दुप्पट झाला की थांबावयास लागणारे ब्रेकचे अंतर सुमारे चौपट होते. मागे स्वतःचा ब्रेक नसलेला ट्रेलर असेल तर त्याचे सगळे वजन गाडीच्या ब्रेकवर येते.

गाडी बनवणाऱ्याने माहितीपुस्तिकेत ओढण्याची जी मर्यादा दिली असेल ती अखेरची समजावी. त्याशिवाय एक जुना, सावध नियम असा की ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे मालासकट वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्याहून अधिक असू नये. रिकाम्या गाडीचे वजन आरसीवर लिहिलेले असते. समजा ते १६०० किलो आहे. निम्मे झाले ८००. रिकामा ट्रेलर २५० किलोचा असेल तर माल ५५० किलोच्या आत ठेवावयाचा, म्हणजे ५० किलोच्या १० पिशव्या आणि वर थोडे किरकोळ. पुस्तिकेतील आकडा याहून कमी असेल तर तोच पाळावयाचा. जिप्सीसारखी गाडी स्वतःच साधारण एक टनाची असते. तिच्या मागे यापेक्षा पुष्कळ कमी ओझे हवे. गाडीत सात माणसे बसली असतील तर आतच सुमारे ४०० किलो वजन झाले, हेही विसरू नये. भरलेली गाडी आणि भरलेला ट्रेलर अशी दोन्ही कामे एकाच फेरीत करू नयेत.

ट्रॅक्टरची ट्रॉली या गाडीला मुळीच जोडू नये. ती रिकामीच एक टनाहून जड असू शकते, तिच्या दांड्याची उंची निराळी असते आणि ती ट्रॅक्टरच्या संथ वेगासाठी बनलेली असते.

ट्रेलर भरताना जड माल त्याच्या आसाच्या किंचित पुढे ठेवावा. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा. सगळे ओझे मागे गेले की ट्रेलर वेगात शेपटीसारखा हलू लागतो आणि गाडीला रस्त्याबाहेर फेकतो. असे हलणे सुरू झाले तर ब्रेक जोरात दाबू नये आणि वेगही वाढवू नये. स्टेअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडावा. उलट, हुकावर फार ओझे पडले तर गाडीचे तोंड वर उचलले जाते, स्टेअरिंग हलके होते आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हुकाखेरीज दोन मजबूत साखळ्या एकमेकींना छेद देऊन लावाव्यात. हूक तुटला तरी दांडा जमिनीत रुतत नाही.

चोर्ला किंवा अनमोड घाटातून उतरताना ट्रेलर मागे असेल तर जो गिअर चढताना लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिनच गाडीला मागे धरते. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात, त्यांचे तेल उकळते आणि पायडल स्पंजासारखे मऊ होऊन खाली जाते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुने तेल लवकर उकळते. म्हणून जुनी गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यातच ते बदलून घ्यावे आणि पुढे दर दोन वर्षांनी बदलत जावे.

कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर हेही एक वाहनच आहे. त्याची स्वतंत्र नोंदणी लागते, नंबर लागतो, मागचे दिवे लागतात आणि विमा कंपनीला त्याची कल्पना द्यावी लागते. लोहाराने बनवून दिलेला, कागद नसलेला ट्रेलर मागे असताना अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकतात आणि समोरच्या जखमीची भरपाई शेत विकून द्यावी लागते.

आणि ट्रेलरमध्ये माणसे बसवू नयेत. फेस्ताला जावयाचे असो, शेतावरून परतावयाचे असो, मुले कितीही हट्ट करोत. डिसेंबरच्या ३ तारखेला जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तासाठी आपल्याकडून पुष्कळ कुटुंबे जातात. गाडीत मावतील तितकीच माणसे न्यावीत. उरलेल्यांनी बसने जावे. उशिरा पोहोचलेल्यांचाही नवस प्रभू ऐकतो.

घरच्यांच्या आरोग्यासाठी

मागे मोठा दरवाजा असलेल्या या गाड्यांत माणसे आणि सामान एकाच हवेत असतात. साध्या मोटारीला डिकी वेगळी असते, तशी येथे नसते. त्यातून दोन धोके निर्माण होतात.

पहिला धुराचा. लांब बांबू किंवा पाइप न्यावयाचे म्हणून मागचा दरवाजा उघडा ठेवून गाडी चालवली, की मागे पोकळी तयार होऊन सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वासही नाही. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे आहेत. मुले 'गाडी लागली' म्हणून झोपी जातात आणि आईबापांना संशयही येत नाही. म्हणून दरवाजा बंद ठेवावा आणि गाडी घेताना सायलेन्सरची नळी इंजिनापासून शेवटपर्यंत कोठे फुटली नाही ना, हे पाहावे. कोणाला असा त्रास झाला तर ताबडतोब मोकळ्या हवेत आणून डॉक्टरांकडे न्यावे.

दुसरा धोका औषधांचा. फवारणीची कीटकनाशके माणसांबरोबर आत ठेवू नयेत. बाटली सांडली तर वाफ सर्वांच्या श्वासात जाते आणि गादीत मुरलेले विष पुढे कित्येक दिवस कातडीला लागते. ती कुलूपबंद पेटीत घालून ट्रेलरमधून न्यावीत, किंवा कुटुंब बरोबर नसताना आणावीत. त्या ट्रेलरमध्ये नंतर धान्य किंवा पेंड न्यावयाची असेल तर तो आधी धुवावा.

मागच्या आडव्या बाकड्यांवर बहुधा सीटबेल्ट नसतात. तेथे मुले बसवण्यापेक्षा सामान बांधून ठेवावे आणि मुलांना मधल्या, बेल्ट असलेल्या आसनावर घ्यावे. मोकळी ठेवलेली पहार किंवा जॅक अपघाताच्या वेळी गोळीसारखा पुढे येतो.

कागदपत्रे

गाडी पसंत पडली तरी पैसे देण्याची घाई करू नका. चेसीवर आणि इंजिनावर कोरलेले क्रमांक आरसीशी ताडून पाहा. घासलेले किंवा पुन्हा ठोकलेले आकडे दिसले तर तेथून निघावे. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये. थकलेले चलान सरकारी संकेतस्थळावर बघता येतात. घरातील शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला बघावयास सांगा.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात विकल्यास ४५ दिवसांत कळवावयाचे असते. घेणाऱ्याने ३० दिवसांत. गोव्याची किंवा महाराष्ट्राची गाडी कर्नाटकात आणावयाची तर मूळ आरटीओचे ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८, हवे. परराज्याच्या नंबरावर १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवता येत नाही. नवा नंबर घ्यावा लागतो आणि येथील कर भरावा लागतो. हा कर किती पडेल हे आधी आरटीओत विचारा. सीमेपलीकडे स्वस्त वाटलेली गाडी करासकट इकडच्या भावाला येऊन बसते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी नवी करून मिळते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क बरेच वाढले आहे. १४ वर्षांची गाडी घेताना ही रक्कम हिशेबात धरावी. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. नाही तर आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. जुन्या मालकाच्याच नावावर वर्षानुवर्षे गाडी फिरवणे हे दोन्ही घरांना घातक आहे.

अखेरचा विचार

हातातील सगळी रक्कम गाडीच्या किमतीत घालू नये. किमतीच्या निदान पाचव्या हिश्श्याइतके पैसे पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावेत, असा आमचा सल्ला आहे. सर्व तेले, ब्रेक, पट्टे आणि टायर यांतच त्यातील बराच भाग जातो. तेवढी रक्कम उरत नसेल तर एक पायरी खालची, पण धडधाकट गाडी घ्यावी. मुलीच्या शिक्षणासाठी किंवा पेरणीसाठी ठेवलेल्या पैशाला तर हात लावूच नये.

व्यवहार एका बैठकीत करू नका. घरी या, घरधनिणीशी बोला, रात्र जाऊ द्या. 'आज नाही घेतली तर उद्या दुसरा घेईल' असे म्हणणाऱ्याची गाडी खुशाल दुसऱ्याने घ्यावी. आणि आपली जुनी गाडी विकण्याची वेळ येईल तेव्हा तिचा दोष आपणही लपवू नये. खोट्या मापाचा निषेध पवित्र शास्त्राने केला आहे, आणि दडवलेला फुटका ब्रेक हे खोट्या मापाहून वाईट माप आहे. त्या गाडीतही कोणाची तरी मुलेबाळे बसणार असतात.

गाडी घरी आली की रविवारच्या मिस्सानंतर ती चर्चच्या आवारात आणावी. आम्ही आनंदाने आशीर्वाद देऊ. मात्र पवित्र पाणी शिंपडण्यापूर्वी ब्रेकचे तेल बदललेले आहे का, हे आम्ही अवश्य विचारू. संत क्रिस्तोफर वाटसरूंचा कैवारी आहे. आपल्या वाट्याचे काम आपण करावे, मग त्याच्याकडे विनंती करावी. प्रभू आपणा सर्वांना सुखरूप घरी पोहोचवो.